बोध सोडून बोला

आमच्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या मुलामुलींबरोबर काही सिनेमे पाहिले आणि त्या निमित्तानं त्यांना स्वतःच्या जमेच्या आणि कच्च्या बाजू चाचपून बघायला लावल्या. मे २०२४ मध्ये डोक्यात आलेलं काम जानेवारी २०२५ मध्ये संपलं. मधे परवानग्या, सातारी पाऊस, गणपती, परीक्षा, विधानसभेची निवडणूक, सगळं येऊन गेलं. एका ओळखीच्या ग्रंथपालबाईंनी आणि एका शिक्षकमित्रानं "आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारलं, म्हणून क्रमानं लिहिते आहे. मी मानसशास्त्र शिकलेली नाही, वकीलही नाही. सार्वजनिक वाचनालयात अर्धवेळ काम करते आणि सिनेमा मन लावून बघते, एवढंच भांडवल.

निकालाच्या दिवसांत वाचनालयात पालकांची वर्दळ वाढते. 'पुढे काय' छापाची पुस्तकं हातोहात जातात. पोराला किंवा पोरीला विचारलं, "तुझी जमेची बाजू काय गं?" तर उत्तर ठरलेलं: "मी मेहनती आहे." आणि कच्ची बाजू? "मी जास्त विचार करते." ही मुलाखतीची पाठ केलेली उत्तरं. तीच मुलगी कालच्या मालिकेतली सून कशी मूर्खासारखी वागली यावर अर्धा तास बोलते, आणि त्या अर्ध्या तासात ती स्वतः कशी आहे हे बरंचसं कळून जातं. स्वतःबद्दल थेट विचारलं की माणूस आवरून-सावरून बसतो. दुसऱ्याबद्दल विचारलं की मोकळा होतो. माझा सगळा बेत या एवढ्या निरीक्षणावर उभा होता.

पहिला विचार अर्थातच वाचनालयाचा. हॉल आहे, खुर्च्या आहेत, रविवारी मोकळा असतो. तिकीट लावणार नव्हतो, त्यामुळे हरकत कोण घेणार, असं समितीतल्या सगळ्यांचं म्हणणं. पण फुकट दाखवला की सिनेमा चालतो, हा समज कायद्याला मान्य नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये कशाला उल्लंघन मानायचं नाही याची यादी आहे. त्यातल्या पोटकलम (१) च्या खंड (जे) नुसार शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, पण प्रेक्षक कोण असावेत तेही तिथंच बांधून दिलंय: संस्थेतले कर्मचारी आणि विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक, आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं. वाचनालयात येणारा कुणीही वाटसरू त्यात बसत नाही. एका सिनेमासाठी रीतसर परवानगी विचारून पाहिली. एका खेळाचे आठ हजार सांगितले. समितीनं चहा पाजला आणि विषय संपवला.

मग महाविद्यालय. तिथं राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे रासेयोचं, युनिट चांगलं चालतं. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाकाठी १२० तासांचं नियमित काम दाखवावं लागतं. झाडं लावणं, स्वच्छता, रक्तदान यांत ते भरतात. कार्यक्रम अधिकारी सर ओळखीचे होते. त्यांना वाटलं, तासांत हेही धरता येईल. "पण मॅडम, अर्जात 'सिनेमा' शब्द वर नका घेऊ," असं त्यांनी हळूच सुचवलं. मी घेतला. विषयाच्या ओळीतच घेतला. नंतर कुणी कागद हातात धरून "हे काय चाललंय?" विचारण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

जूनच्या शेवटी अर्ज दिला. तुम्ही देणार असाल तर सोबत हे जोडा: सिनेमांची यादी, प्रत्येकाची लांबी मिनिटांत, भाषा, सेन्सॉर प्रमाणपत्राचा वर्ग, कुठल्या शनिवारी किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार, चर्चेत कुठले प्रश्न विचारणार, आणि मुलींना घरी जायची सोय काय. या शेवटच्या ओळीमुळे अर्ज पुढे सरकला, असं मला वाटतं. आमच्याकडे बहुतेक मुली वाड्या-वस्त्यांवरून येतात आणि त्यांच्या कामाची शेवटची एसटी पाच दहाला सुटते. म्हणून अकराला सुरुवात, चारला शेवट, हे पहिल्यापासून ठरलं. झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. माझा मूळ अर्ज पुढं एका फायलीतून दुसरीत जाताना गायब झाला, तेव्हा तो शिक्काच कामी आला.

जुलै निव्वळ वाट बघण्यात गेला. प्रवेश चालू होते, कुणाला वेळ नव्हता. प्राचार्यांनी शेवटी बोलावलं तेव्हा प्रश्न एकच विचारला: "यातून निष्पन्न काय होणार?" मी म्हटलं, "प्रत्येकाकडे स्वतःबद्दल लिहिलेली एक वही होईल, आणि ती आपल्याला बघायला मिळणार नाही." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नॅकला काय दाखवू?" नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था, त्यामुळे हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. उपक्रम झाला याचे पुरावे लागतात. हजेरीपत्रक, अहवाल, जागेची नोंद असलेले जिओटॅग फोटो. तडजोड अशी झाली की फोटो सुरुवातीच्या पाच मिनिटांतच काढायचे, तेही पडद्याकडे तोंड करून बसलेल्या मुलांचे, पाठीमागून. चर्चा सुरू झाली की कॅमेरा बंद. मला 'साधन व्यक्ती' म्हणून नेमल्याचं पत्र मिळालं. ते मागून घ्याच. त्या पत्रामुळे तुम्ही संस्थेच्या कामाशी जोडलेले ठरता.

प्रथम वर्षाला सगळ्यांना अठरा पूर्ण नसतात. त्यामुळे पालकांचं संमतीपत्र घेतलं, साध्या मराठीत, एका पानाचं. त्यात एक ओळ मुद्दाम घातली: चर्चेत मूल काय बोललं हे पालकांना कळवलं जाणार नाही, जीवाला धोका वाटेल अशी गोष्ट सोडून. एका वडिलांनी या ओळीवर हरकत घेतली, सही केली नाही, आणि त्यांची मुलगी आली नाही. त्याला इलाज नव्हता.

सिनेमे निवडताना गाजलेले, सगळ्यांनी दहादा पाहिलेले बाजूला ठेवले. त्यांवरची मतं आधीच तयार असतात. मुलं सिनेमाबद्दल न बोलता त्याच्या कीर्तीबद्दल बोलतात. यादी अशी ठरली: सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२), माजिद माजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), अविनाश अरुण यांचा 'किल्ला', आणि बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' (१९८६). चारही जुन्या डीव्हीडींवरून दाखवले, जमवायला महिना गेला. घरचं ओटीटी खातं लावून दाखवायचा मोह होतो; पण त्या अटींत बहुधा फक्त खासगी वापराची मुभा असते, वाचून बघा.

१० ऑगस्टला पहिला शनिवार. सिनेमा नव्हताच. अडतीस मुलं-मुली आल्या आणि पाऊस असा की पत्र्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. (चित्र जरा फिकट असलं तरी मुलं बघतात. आवाज नीट नसेल तर दहा मिनिटांत गप्पा सुरू होतात. पैसे आधी स्पीकरवर घाला.) त्या दिवशी सगळ्यांना एक कागद दिला. त्यावर मराठी विशेषणं: चिकट, भिडस्त, फटकळ, समजूतदार, हट्टी, सावध, धांदरट, लाघवी, घुमी, काटकसरी, उतावळी, विनोदी, संशयी, सोशिक, अशी बरीच. प्रत्येकानं स्वतःला लागू पडतात ती पाच निवडायची आणि कागद घडी घालून वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचा. बस, एवढंच.

ही युक्ती माझी नाही. जोसेफ लुफ्त आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये एक चौकट मांडली; दोघांच्या नावांची सांगड घालून तिला 'जोहरी खिडकी' म्हणतात. मला माहीत आणि लोकांनाही माहीत असा एक कप्पा, लोकांना दिसतं पण मला दिसत नाही असा दुसरा, मी लपवलेलं तिसऱ्यात, आणि कुणालाच ठाऊक नसलेलं चौथ्यात. शेवटच्या शनिवारी तोच कागद एका जोडीदारानं आपल्यासाठी भरायचा होता. ते मात्र मी तेव्हा सांगितलं नाही.

२४ ऑगस्टला 'दहावी फ'. खिडक्यांना काळं कापड लावलं: अठरा मीटर, साठ रुपये मीटरनं. महाविद्यालयाचा प्रोजेक्टर पिवळा पडला होता म्हणून भाड्यानं आणला, एका शनिवारचे ८००. मागं पडलेल्या मुलांची तुकडी, तिला मिळणारी वागणूक, त्यातून मुलांनी प्रयोगशाळेत केलेली मोडतोड आणि अतुल कुलकर्णींनी उभे केलेले शिक्षक, हे बघताना मुलं अगदी गप्प होती. दिवे लागल्यावर मी विचारलं, "बोला." आणि सुरू झालं: शिक्षकांनी मुलांना समजून घेतलं पाहिजे, कुणालाही कमी लेखू नये, परिश्रमाला पर्याय नाही. शाळेत दहा वर्षं प्रत्येक धड्याखाली 'यातून काय बोध घेतला' लिहिलेली मुलं ती. शिवाय मागच्या बाकावर दोन प्राध्यापक हाताची घडी घालून बसलेले.

कार्यक्रम अधिकारी सरांना मी खुणावलं. त्यांनी दोघांना "चला, चहा घेऊ" म्हणत बाहेर नेलं. मग म्हटलं, "बोध सोडून बोला. कोणाचा राग आला?" हा प्रश्न मला त्यानंतर प्रत्येक शनिवारी पुरला. आवडलं कोण असं विचारलं तर नायकाचं नाव येतं आणि बोलणं खुंटतं. राग आला कोणाचा, असं विचारलं की हात वर होतात. एक मुलगा म्हणाला, "मोडतोड केली ते बरोबरच केलं. मी नसती केली, पण." हा 'पण' धरून ठेवला. का नसती केलीस? भीती वाटली असती की पटलं नसतं? तो म्हणाला, "माहीत नाही." त्याच्या शेजारची मुलगी न विचारता बोलली: "मी कधीच काही फोडलं नाही. म्हणून घरी सगळे म्हणतात, शांत आहे. मला राग आला की मी जेवत नाही."

नंतर प्रश्नांची एक ठरावीक चढण बनली. कोणाचा राग आला? त्याच्या जागी तू कुठल्या क्षणी वेगळं वागली असतीस? आणि मग, अशी वेळ तुझ्यावर शेवटची कधी आली होती? तिसऱ्याचं उत्तर फक्त वहीत. वाचून दाखवायचं नाही, मी गोळा करणार नाही. चाळीस पानी वही पंधरा रुपयांना पडते आणि ती मुलांकडेच राहते, ही एवढी एक गोष्ट कुणी माझ्याकडून घ्यावी. वही जमा करायची म्हटलं की मुलं बाईंसाठी लिहायला लागतात.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी नेमकी शनिवारीच होती. मंडळांच्या गडबडीत मुलं कुठली सापडायला! 'चिल्ड्रन ऑफ हेवन' २१ तारखेला झाला. सिनेमा फारसीत, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या मुलांचा इंग्रजी वाचनाचा वेग त्या अक्षरांना पुरत नाही. आधीच्या आठवड्यात दोन मुलींना तो दाखवून ठेवला आणि सिनेमा चालू असताना त्या खालच्या आवाजात मराठीत सांगत गेल्या. नव्वद मिनिटांच्या आतला सिनेमा, संवाद बेताचे, त्यामुळे जमलं. दोघींतली एक वर्गात तोंड उघडत नाही, असं तिच्या मैत्रिणी सांगत होत्या. तिनं सिनेमातल्या मुलाच्या, अलीच्या, वडिलांचं बोलणं असं काही खास सातारी केलं की सगळे हसले. पुढं ती चर्चेत खूप बोलायला लागली का? नाही. पण माइक तिच्याकडे द्यायचा हे सगळ्यांनी धरून टाकलं.

या सिनेमात लहानगा अली बहिणीचे, झाहराचे, बूट हरवतो. घरी पैसा नाही, वडिलांना कळू द्यायचं नाही, म्हणून दोघं एकाच जोडीवर शाळा करतात. एके दिवशी झाहराला आपले बूट दुसऱ्या मुलीच्या पायात दिसतात. ती आणि अली त्या मुलीच्या घरापर्यंत जातात, तिचे वडील आंधळे आहेत हे बघतात आणि काही न बोलता परत फिरतात. इथं मी सिनेमा थांबवला नव्हता, पण चर्चा तिथंच येऊन थांबली. झाहरा का बोलली नाही? मुलांनी विशेषणांचा कागद काढला. अर्धे म्हणाले समजूतदार. अर्धे म्हणाले भिडस्त. एक मुलगा चिडूनच म्हणाला, "अहो मॅडम, आपला बूट आहे तर मागायला काय झालं? आमच्या घरात सगळे असेच. उसने दिलेले पैसे मागायला लाजतात." त्यावर एक मुलगी: "मागितलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती का?"

जवळजवळ तास वाद चालला आणि मी तोंड बंद ठेवलं. एकच वागणं एका घरात गुण ठरतं आणि दुसऱ्या घरात दोष, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून मी 'बलस्थानं' आणि 'उणिवा' असे फळ्यावर दोन रकाने पाडणं बंद केलं. नोकरीच्या मुलाखतींच्या पुस्तकांत ते रकाने असतात. माणसांत ते असे वेगळे निघत नाहीत. अलीचा सोशिकपणा बहिणीला बूट मिळवून द्यायला शर्यतीत पळवतो, आणि तोच सोशिकपणा घरी तोंड उघडू देत नाही. एका मुलानं पुठ्ठ्याचा कागद उलगडून स्वतःचं 'सोशिक' खोडलं आणि थोड्या वेळानं परत लिहिलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

५ ऑक्टोबरला 'किल्ला'. त्याबद्दल थोडक्यात: बदली झालेल्या आईबरोबर कोकणात आलेला चिन्मय, नवे मित्र, आणि त्यांनी त्याला किल्ल्यावर एकटं सोडून जाणं. मुलांना त्या मित्रांतला बंड्या फार आवडला, चिन्मयचा राग आला, आणि तो राग का आला याची उत्तरं फारशी खोल गेली नाहीत. परीक्षा तोंडावर होत्या. काही दिवस असेच जातात.

पण त्याच दिवशी, पोहे खाताना, एका मुलानं विचारलं, "मॅडम, यादीत 'फँड्री' का नाही?" तो गावाबाहेरच्या वस्तीवरचा मुलगा. प्रश्न साधा नव्हता, आणि उत्तर मी मेमध्येच ठरवून ठेवलेलं होतं. नागराज मंजुळेंचा तो सिनेमा मला फार मोठा वाटतो. पण आमच्या प्रश्नांच्या चढणीवर तो चढवायचा म्हणजे त्यातल्या नायकाबद्दल, 'जब्याची कच्ची बाजू कोणती?' असं विचारायचं. जब्याच्या वाट्याला जे येतं ते त्याच्या स्वभावातून येत नाही, गावातून येतं. जातीच्या अन्यायाला एखाद्याच्या व्यक्तिमत्त्वाची उणीव करून टाकणारी चर्चा मला घ्यायची नव्हती, आणि मिश्र वर्गात कुणाला तरी 'अशी वेळ तुझ्यावर कधी आली?' हा प्रश्न पेलायला लावायचा नव्हता. त्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग नुसताच दाखवा. प्रश्न नका विचारू." तसाच दाखवला, डिसेंबरात, मधल्या वारी. वह्या नाहीत, विशेषणं नाहीत. शेवटचा दगड पडद्यातून अंगावर आल्यावर कुणी बोललं नाही, आणि मीही कुणाला बोलतं केलं नाही. आत्मपरीक्षणाचा कुठलाही उपक्रम करणाऱ्यानं हे तपासावं: मुलाला स्वतःत शोधायला सांगतोय ती गोष्ट खरंच त्याच्यात आहे, की त्याच्या भोवती?

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. शिक्षकांना निवडणुकीची कामं, पाठोपाठ परीक्षा, दिवाळी, २० नोव्हेंबरला मतदान. दोन महिने काही नाही. मला वाटलं, मुलं पांगणार. १४ डिसेंबरला एकतीस आली.

'एक रुका हुआ फैसला' हा सिडनी ल्युमेट यांच्या १९५७ च्या '१२ अँग्री मेन'चा हिंदी अवतार. एक बंद खोली, बारा ज्युरी (म्हणजे खटल्यात निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं), खुनाचा आरोप असलेला एक पोरगा. अकरा जण दोषी म्हणतात, एक म्हणतो थांबा, बोलू या. दोन तास नुसतं बोलणं. मुलं कंटाळतील या भीतीनं मी पहिल्या मतदानानंतर सिनेमा थांबवला आणि चिठ्ठ्या वाटल्या. गुप्त मतदान: दोषी की निर्दोष? बहुतेक चिठ्ठ्या 'दोषी' निघाल्या. मग हात वर करून परत मतदान घेतलं, तर 'निर्दोष' आणखी कमी झाले. कोणी चिठ्ठीत एक लिहिलं आणि हात दुसऱ्याला केला, हे मला कळलं नाही, पण ज्याचं त्याला कळलं. पुढचा सिनेमा मुलांनी पुढं सरकून बघितला.

नंतरचा प्रश्न: बारापैकी तू कोण? सगळ्यांना के. के. रैना व्हायचं होतं, एकटा उभा राहणारा. हे अपेक्षितच. म्हणून म्हटलं, तो सोडून. आता खरी मजा आली. एक म्हणाला, "मी तो, ज्याला घाई झालीय आणि लवकर निघायचंय." एक मुलगी म्हणाली, "ज्याला सगळे बोलतील तसं वाटत जातं, तो." दुसरी म्हणाली, "यात एक पण बाई नाही. मी कोण होऊ?" तिचं बरोबर होतं, ती सोडून हे कुणी टिपलं नव्हतं, मीही नाही. कुणीतरी विचारलं, आपल्याकडे ज्युरी असते का? १९५९ चा नानावटी खटला सांगितला: खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयानं ते फिरवलं, आणि पुढं ज्युरीची पद्धतच आपल्याकडून गेली. यात वीस मिनिटं गेली, पण गेली ती बरी गेली.

या सिनेमात पंकज कपूर यांनी केलेला ज्युरी सगळ्यांत तापट. त्याचा राग आरोपीवर नसून दुरावलेल्या स्वतःच्या मुलावर आहे, हे शेवटी फुटतं. त्या प्रसंगात एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याच्या मित्राला मी डोळ्यांनी सांगितलं, जा. दोघं व्हरांड्यात बसून राहिले, चहाला परत आले. मी विचारलं नाही. पण यासाठी तयारी आधी लागते: महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षातल्या बाईंना वेळा विचारून ठेवल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर 'टेली मानस, १४४१६' लिहून घेतलं होतं. केंद्र सरकारची ही मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे, मराठीत बोलता येतं. सिनेमा अंगावर येतो. तो कुणाच्या कुठल्या दुखण्यावर बोट ठेवेल हे यादी करताना कळत नाही.

शेवटचा शनिवार २८ डिसेंबरला होता. २६ ला माजी पंतप्रधान मनमोहन सिंग गेले, राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, कार्यक्रम पुढं ढकलला. ११ जानेवारीला जमलो. पुठ्ठ्यावरचे कागद न उघडता प्रत्येकानं जोडीदारासाठी पाच विशेषणं निवडली. जोड्या मी लावल्या नाहीत, ज्यांनी त्यांनी निवडल्या. माझा एकच नियम: प्रत्येक विशेषणाला या सहा महिन्यांत बघितलेला एक प्रसंग जोडायचा. 'तू हट्टी आहेस' चालणार नाही. 'किल्ल्याच्या वेळी सगळे चिन्मयला नावं ठेवत होते तेव्हा तू मागं हटला नाहीस, म्हणून हट्टी' असं हवं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे.

जे झालं ते फार नाट्यमय नव्हतं. काहींचे कागद बरेच जुळले. जेवत नाही म्हणणाऱ्या मुलीनं स्वतःला 'शांत' निवडलं होतं, जोडीदारणीनं 'फटकळ' लिहिलं, आणि दोघी त्यावरून मनापासून भांडल्या. चार-पाच जणांनी जोडीदाराला खूश करायला गोड गोड विशेषणं वाटली. त्याला काही करता येत नाही. एका मुलानं सरळ सांगितलं, "मला यातून काही नवीन कळलं नाही, पण सिनेमे आवडले." मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं.

हिशेब: काळं कापड १,०८०, प्रोजेक्टरचं भाडं ३,२००, वह्या ६००, झेरॉक्स ३५०. चहा-पोहे रासेयोच्या निधीतून. 'फँड्री'च्या दिवसापर्यंत महाविद्यालयाचा प्रोजेक्टर दुरुस्त होऊन आला होता. माझ्या खिशातून गेलेल्या ५,२३० पैकी भाड्याचे पैसे अजून अडकलेत, कारण दुकानदारानं कोऱ्या कागदावर बिल लिहून दिलं. बिल छापील क्रमांकाचं, महाविद्यालयाच्या नावानं आणि तारखेसकट घ्या, नाहीतर लिपिकाच्या टेबलावरून ते हलत नाही. अहवाल तीन पानी दिला. त्यात कुणाचंही नाव किंवा म्हणणं नाही, फक्त सिनेमे, तास, हजेरी आणि पाठमोरे फोटो.

जूनपासून पुढच्या तुकडीला सिनेमे निवडायचं काम जुन्यांपैकी सहा जणांनी मागून घेतलंय. त्यांच्या पहिल्या यादीत तीन तासांचे दोन सिनेमे होते आणि लांबीचा रकाना कोरा होता. शेवटची एसटी पाच दहाला आहे, असं लिहून मी ती परत पाठवली आहे.